मोठा स्क्रीन नेमका कशासाठी? गाडीतला जीपीएस निवडताना



मे महिना आला की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "आई-बाबा येतायत, लास व्हेगास, झायन, डेथ व्हॅली असा मोठा दौरा काढायचाय. गाडीसाठी मोठ्या स्क्रीनचा जीपीएस घ्यावा म्हणतो. कोणता घेऊ?" त्यावर दुसरा कोणीतरी लगेच म्हणतो, "अरे, फोन आहे ना खिशात! आता जीपीएस कोण घेतं?"

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. रोजच्या ऑफिसच्या नि ग्रोसरीच्या फेऱ्यांसाठी फोन पुरेसा आहे. गूगलने ऑक्टोबर २००९ मध्ये फोनवर फुकट व्हॉइस नेव्हिगेशन जाहीर केलं, तेव्हा त्याच दिवशी गार्मिन आणि टॉमटॉम या दोघांचे शेअर्स धाडकन आपटले होते, ते उगाच नाही. पण लांबचा प्रवास, भर उन्हाळा आणि सिग्नल नसलेला मुलूख हे तिन्ही एकत्र आले, की वेगळ्या जीपीएसचा विचार जरूर करावा.

कारण साधं आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपलं यंत्र त्यांचा सिग्नल फक्त ऐकतं. चार उपग्रह दिसले की जागा कळते. त्याला ना मोबाइल टॉवर लागतो, ना डेटा प्लॅन. फोनमध्येही हीच सोय असते, पण नकाशा मात्र बहुतेक वेळा इंटरनेटवरून येतो. ऑफलाइन नकाशे आधी उतरवून ठेवता येतात, पण आपण जेवढा चौकोन निवडला तेवढाच. आयत्या वेळी रस्ता बदलला की पंचाईत. शिवाय आयफोन बाहेरचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असताना वापरावा, असं ॲपल स्वतःच सांगते. डेथ व्हॅलीत जुलैच्या दुपारी ४७ अंश ही नेहमीची गोष्ट. काचेवर उन्हात लावलेला फोन तापून बंद पडला, तर दोष कोणाला देणार?

आता मूळ मुद्दा, म्हणजे स्क्रीनचा. इंच हे तिरके मोजतात, त्यामुळे फसायला होतं. पूर्वीचा साडेतीन इंची चौकोनी वळणाचा स्क्रीन होता २.८ इंच रुंद आणि २.१ इंच उंच. मग ४.३ इंची वाइडस्क्रीन आला, तो ३.७५ इंच रुंद आणि उंची तीच, २.१! म्हणजे पुढचा रस्ता जास्त दिसायला लागला असं काही झालं नाही. वाढली ती फक्त बाजूची जागा. त्या जागेचं यंत्र काय करतं, ते दुकानात तपासायचं. चांगल्या यंत्रात एका बाजूला नकाशा राहतो आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या एक्झिटचं चित्र येतं, त्यात आपण कोणत्या लेनमध्ये असायला हवं ते बाणाने दाखवतात. पाच लेनच्या फ्रीवेवर उजवीकडची लेन अचानक "एक्झिट ओन्ली" होते, तेव्हा हे चित्र लाखमोलाचं. पण त्या जागेत नुसत्या हॉटेलांच्या खुणा नि जाहिराती दिसणार असतील, तर मोठ्या स्क्रीनचे पैसे कशाला भरायचे?

ताशी ६५ मैल वेगाने गाडी दोन सेकंदांत १९० फूट पुढे जाते. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ता सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये गाडीत बसवलेल्या उपकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटू नये, असं म्हटलंय. तेव्हा दुकानात हीच परीक्षा घ्या. हाताच्या अंतरावरून यंत्राकडे पटकन पाहा, मान वळवा. पुढचं वळण कोणतं आणि किती लांब, हे तेवढ्यात कळलं का? कळलं तर स्क्रीन पुरेसा मोठा. नाही कळलं तर सात इंची असूनही उपयोग नाही. अक्षरं बारीक नि रंग भडक असले की मोठा स्क्रीनही नजर अडकवूनच ठेवतो.

फार मोठा घेण्यात आणखी एक अडचण आहे, ती कायद्याची. दर राज्याचे नियम निराळे. कॅलिफोर्नियात समोरच्या काचेवर जीपीएस लावायचा तर ड्रायव्हरच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात ५ इंचांचा चौकोन किंवा पलीकडच्या खालच्या कोपऱ्यात ७ इंचांचा चौकोन, एवढीच मुभा आहे. आणि एअरबॅगच्या वाटेत तर नकोच. सात इंची वाइडस्क्रीन ६.१ इंच रुंद असतो, कड धरूनही बहुधा बसतो. आठ इंचीची नुसती काचच जवळजवळ ७ इंच भरते, मग कड कुठे मावणार? अशा वेळी डॅशबोर्डवर ठेवायची जड गादी बरी. आणि फोन हातात धरून "नुसता नकाशा बघत होतो" ही सबबही तिथे चालत नाही. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने तसा निकाल दिलाय.

नकाशांबद्दल थोडं. खोक्यावर "लाइफटाइम मॅप्स" लिहिलेलं असतं, पण ते आयुष्य आपलं नव्हे, यंत्राचं! २०१८ मध्ये टॉमटॉमने आपल्या बऱ्याच जुन्या मॉडेल्सना नवे नकाशे देणं बंद केलं. एप्रिल २०१९ मध्ये जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा पुन्हा शून्यावर आला, तेव्हा काही जुन्या यंत्रांची तारीख चुकायला लागली. म्हणून गराज सेलमध्ये वीस डॉलरला मिळाला तरी जुना घेताना आधी एवढंच विचारा, याला आज नवा नकाशा मिळतो का? ट्रॅफिकची माहितीही पाहून घ्या. बऱ्याच नव्या यंत्रांत ती आपल्याच फोनवरून येते, म्हणजे सिग्नल गेला की तीही गेली.

आवाज मोठा हवा, कारण मागच्या सीटवर गप्पा रंगलेल्या असणार. बाबांना बाजूला बसवून मदतनीस करणार असाल, तर त्यांच्या चष्म्यातून दिसतं का ते बघा. त्यांच्यासाठी किलोमीटर लावायचा मोह होईल, पण मैलच ठेवा. रस्त्यावरच्या पाट्या मैलांतच असतात. आणि यंत्र दौऱ्याच्या निदान आठवडाभर आधी आणून ओळखीच्या रस्त्यांवर चालवा, म्हणजे परत करायला वेळ राहतो.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. ऑगस्ट २००९ मध्ये डेथ व्हॅलीत एक आई आणि तिचा लहान मुलगा जीपीएसने दाखवलेल्या वाटेने गेले आणि त्यांची गाडी वाळूत रुतली. रेंजर पोहोचेपर्यंत काही दिवस गेले होते. आई वाचली, मुलगा नाही. तिथल्या दुर्गम जागांसाठी जीपीएसवर विसंबू नका, असं आजही ते नॅशनल पार्क सांगतं. यंत्राच्या लेखी नकाशावरची रेघ म्हणजे रस्ता. ती डांबरी की चाळीस वर्षांपूर्वीची खाणीची वाट, हे त्याला दर वेळी कळेलच असं नाही. तेव्हा सेटिंगमध्ये कच्चे रस्ते टाळण्याची खूण करा, "सर्वात जवळचा" ऐवजी "सर्वात जलद" मार्ग निवडा, पार्कच्या दारात मिळणारा कागदी नकाशा घ्या आणि डिकीत भरपूर पाणी ठेवा. डांबर संपलं आणि यंत्र म्हणालं "सरळ जा", तर ऐकू नका. गाडी वळवा, थोडा उशीर झाला तरी चालेल. गाडीत म्हातारी माणसं नि मुलं आहेत.

एवढं पाहून घेतलंत, तर पाच इंची घ्या नाहीतर सात इंची, काही बिघडत नाही.