निदानचाचणीची मालकी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रोगनिदानाची नवी चाचणी क्वचितच एका छताखाली तयार होते. विषाणू एका संस्थेकडे असतो, रुग्णांचे नमुने रुग्णालयाकडे आणि किट बनवण्याचे कसब एखाद्या कंपनीकडे. त्यामुळे चाचणी विक्रीला आली की ती नेमकी कोणाची, यावरून गैरसमज सुरू होतात.

कामाला हातभार लावणारा प्रत्येकजण मालक ठरतो, हा त्यातला सर्वात रुजलेला समज. पेटंट कायदा शोधात बौद्धिक भर घालणाऱ्यालाच संशोधक मानतो. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोविड किटला मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली, त्याआधी त्याची पडताळणी राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) झाली होती. अशा पडताळणीतून पडताळणाऱ्याला मालकी मिळत नाही. कोकणातल्या केळशी गावाच्या आरोग्य केंद्रात कोणी रक्तनमुना दिला आणि तो पुढे संशोधनात वापरला गेला, तरी दात्याचे नाव पेटंटवर येत नाही. मात्र व्यापारी वापराची शक्यता असेल, तर ती संमतीपत्रात सांगावी, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

सर्वांची नावे पेटंटवर घातली की प्रश्न मिटतो, असेही मानले जाते. खरे तर तो तिथे सुरू होतो. पेटंट कायद्याच्या कलम ५० नुसार, वेगळा करार नसल्यास प्रत्येक सहमालकाचा हिस्सा समान आणि अविभक्त असतो. प्रत्येकजण स्वतःच्या फायद्यासाठी शोध वापरू शकतो आणि त्याचा हिशेब इतरांना देणे लागत नाही. परवाना देण्यासाठी किंवा आपला हिस्सा विकण्यासाठी मात्र इतरांची संमती लागते. कारखाना असलेल्या कंपनीला हे सोयीचे आहे. संशोधन संस्थेकडे कारखाना नसतो आणि दुसऱ्या कंपनीला परवाना द्यायचा तर पहिलीचीच संमती लागते. केळशीतल्या सामाईक कलमांच्या बागेत एक भाऊ गावात आणि दुसरा मुंबईत असला की आंबा कोणाच्या हाती लागतो, तसेच हे. उपाय एकच : काम सुरू होण्यापूर्वी परवान्याचे अधिकार आणि रॉयल्टी करारात लिहून घेणे.

लस ही चाचणी नव्हे, पण सहमालकीचे सर्वात गाजलेले उदाहरण आयसीएमआर आणि भारत बायोटेक कंपनी यांनी मिळून बनवलेल्या कोव्हॅक्सिन या कोविड लसीचेच. आयसीएमआरला निव्वळ विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी मिळेल, असे सरकारने २०२१ मध्ये संसदेत सांगितले होते. तरीही भारत बायोटेकच्या पेटंट अर्जात आयसीएमआरचे नाव नव्हते. ते अनवधानाने राहिले, असे सांगून कंपनीने जून २०२४ मध्ये दुरुस्तीची प्रक्रिया सुरू केली. रॉयल्टी आणि पेटंटवरचे नाव या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

सरकारी संस्थेचा शोध एकाच कंपनीला आंदण जातो, ही तक्रारही नेहमीची. एनआयव्हीने बनवलेली 'कोविड कवच' ही प्रतिपिंड चाचणी आधी झायडसकडे गेली, नंतर जे. मित्रा, मेरिल अशा कंपन्यांनाही तिचे तंत्रज्ञान मिळाले. एकाधिकारी परवाना द्यायचा की अनेकांना, हा निर्णय असतो, नियम नव्हे. साथीत अनेकांना देणे शहाणपणाचे. मोठी गुंतवणूक मागणाऱ्या यंत्रासाठी मात्र एकाधिकाराशिवाय कोणी पैसा घालायला धजत नाही.

निदानाच्या कोणत्याही पद्धतीचे पेटंट घेता येते, हा समज तर महागात पडतो. कलम ३(आय) मानवी उपचारांच्या व निदानाच्या प्रक्रियांना पेटंट नाकारते. 'निदान' हा शब्द त्यात २००२ च्या दुरुस्तीने आला. चाचणी शरीराबाहेरच्या नमुन्यावर होते, एवढ्यानेच सुटका होत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. प्रक्रियेतून रोग उघड होतो का, हा मुद्दा त्याने महत्त्वाचा मानला. किट, अभिकर्मके आणि यंत्र यांना ही बंदी लागू नाही. म्हणून पेटंट अर्जातली मागणी बहुधा उपकरणाभोवतीच बांधली जाते.

आधी शोधनिबंध, मग पेटंट, हा क्रम विद्यापीठांत अजून चालतो. प्रसिद्ध झालेला शोध नवा उरत नाही. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासारखे मोजके अपवाद आहेत, तेही १२ महिन्यांपुरते.

पेटंट म्हणजे विक्रीचा परवानाही नव्हे. तो वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार वेगळा घ्यावा लागतो. गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट या क्षयरोग चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २०२० मध्ये मिळाली, तीही प्रत्यक्ष आरोग्य केंद्रांत गोळा केलेल्या पुराव्यांच्या आधारे. असे पुरावे जमवण्याचा खर्च कोण करणार आणि त्या माहितीवर हक्क कोणाचा, हेही त्याच करारात यायला हवे.