विसातला एक वाटा

ब्रिटिश कोलंबिया हा कॅनडाचा पश्चिम टोकाचा प्रांत. तिथल्या नदीखोऱ्यांतून जाताना मध्येच एखाद्या ‘फर्स्ट नेशन’ची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या समाजाची, पाटी लागते आणि काही मिनिटांत त्यांची हद्द संपतेही. रस्ता मात्र तोच. त्याच्याखालची जमीन कोणाची, हे प्रवाशाच्या मनातही येत नाही.

या गुंत्याची मोठी गाठ २९ जुलै १९३८ च्या प्रांतिक आदेशात आहे. त्याचा क्रमांक १०३६. मूळ रहिवाशांसाठी राखीव ठरलेल्या जमिनी प्रांताने केंद्राकडे सोपवल्या. पण रस्ते, कालवे, पूल अशा कामांसाठी त्यांतला विसाव्या हिश्शापर्यंतचा भाग परत घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. घरे आणि बागा तेवढ्या वगळल्या. शिवाय रस्त्याला लागणारी वाळू, खडी, दगड, लाकूड भरपाई न देता नेण्याची मुभा होती. रस्त्याने जमीन जायची ती जायचीच, वर खडीही तिथलीच.

दुसरा मार्ग ‘इंडियन अ‍ॅक्ट’च्या कलम ३५ चा. त्याने केंद्राच्या संमतीने प्रांताला किंवा नगरपालिकेला राखीव जमीन घेता येते. म्हणजे ज्याने राखण करायची त्यानेच फाटक उघडायचे. तक्रार करावी तर १९२७ ते १९५१ या काळात जमिनीच्या दाव्यासाठी परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणे हाच गुन्हा होता.

२००१ मध्ये ओसोयूस समाजाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचे तत्त्व सांगितले. वाद कालव्याचा होता, पण तो रस्त्यालाही लागू पडतो: सार्वजनिक कामाला जेवढा हक्क लागतो तेवढाच घेतला असे समजायचे. पाणी नेण्यापुरता हक्क गेला म्हणून जमिनीची मालकीच गेली, असे होत नाही. आपल्याकडे रस्त्यात गेलेली जमीन सातबाऱ्यावर जुन्याच नावाने राहते आणि मग भांडण पेटते. तिथेही कागदच आधी शोधावा लागतो.

कागद जमले की केंद्राकडे ‘विशिष्ट दावा’ दाखल होतो. तो स्वीकारायचा की नाही हे ठरवायला तीन वर्षे, वाटाघाटींना आणखी तीन. दावा फेटाळला किंवा मुदत उलटली, तर २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या न्यायाधिकरणाकडे जाता येते. मात्र ते फक्त पैसे देऊ शकते, तेही १५ कोटी डॉलरपर्यंत, जमीन नाही. सांस्कृतिक हानीचे तर काहीच नाही. आणि बेकायदा गेलेल्या जमिनीची भरपाई मिळाली की तिच्यावरचा हक्क सुटतो. म्हणून अनेकांना बोलणीच बरी वाटतात: तिथे बदली जमीन मागता येते, रस्त्याची हद्द नव्याने मोजून घेता येते.

पण भरपाई कोणत्या दराने? त्या काळच्या पडीक रानाच्या भावाने? २०२१ च्या साउथविंड निकालाने हा पाया हलवला. ऑन्टारिओतल्या लॅक स्यूल समाजाची जमीन १९२९ मध्ये वीजप्रकल्पाच्या पाण्याखाली गेली होती. ठरलेली ३ कोटी डॉलरची रक्कम न्यायालयाने रद्द केली, कारण प्रकल्पासाठी त्या जमिनीला असलेले मोल तीत धरलेच नव्हते. महामार्गाच्या दाव्यांतही आता हाच मुद्दा पुढे करता येतो.

अडचण उरते ती टेबलाभोवतीच्या खुर्च्यांची. दावा केंद्रावर असतो, रस्ता प्रांताचा असतो, आणि प्रांत या बोलण्यांना आपणहून आला तरच येतो.