अंथरुणाला खिळलेल्यांची पाठ जपताना

बेडसोअर बहुधा माकडहाड, खुबा किंवा टाचेवर सुरू होतो. रोज अंग पुसताना लाल जागा बोटाने दाबा. दाबूनही ती फिकी होत नसेल, तर इजा सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली लपते, म्हणून ऊब आणि कडकपणा हाताने तपासा. तिथे मालिश मुळीच नको. भोकाची रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदला. ओढू नका, चादरीसकट उचला. पोटरीखाली उशी दिली की टाच अधांतरी राहते. हवेची गादी घेतली तरी कूस बदलणे सुटत नाही. जखम उघडी पडली, तर हळद किंवा स्पिरिट लावू नका, डॉक्टरांना दाखवा. ताप, दुर्गंधी किंवा काळी खपली दिसली, तर त्याच दिवशी.