घरातील मांजर आणि मुलाचा श्वास

धान्य उंदरांपासून राखावे मांजराने आणि रात्री अंगण राखावे कुत्र्याने, ही आपल्या खेड्यांतील जुनी व्यवस्था होय. परंतु अशाच एखाद्या घरात मुलाला पहाटे शिंकांवर शिंका येतात, डोळे चुरचुरतात, छातीत घरघर होते. मग कोणी सुचवितो, ‘हवा शुद्ध करणारे यंत्र आणा, म्हणजे झाले.’ या सल्ल्यात तथ्य आहे; मात्र ते अर्धेच आहे.

दोष केसांचा, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक मांजराच्या लाळेत व त्वचेतील तैलग्रंथींत एक प्रथिन तयार होते. मांजर अंग चाटते, लाळ वाळते, आणि त्वचेच्या कोंड्याबरोबर तिचे कण हवेत पसरतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. यांतील कित्येक कण ५ मायक्रॉनहूनही लहान असतात. म्हणून ते तासन्‌तास तरंगतात व श्वासाबरोबर खोलवर जातात. कुत्र्याच्या लाळेचा व कोंड्याचाही काहींना असाच उपद्रव होतो.

हे कण अडविण्यास ‘हेपा’ नावाची गाळणी समर्थ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील अणुसंशोधनात किरणोत्सर्गी कण अडविण्यासाठी तिचा विकास झाला. ०.३ मायक्रॉनचे कणही ती शेकडा ९९.९७ या प्रमाणात अडविते. तथापि जेवढी हवा यंत्रात शिरेल, तेवढीच गाळली जाईल. कौलारू घराच्या उघड्या माजघरात ते चालविणे म्हणजे चाळणीत पाणी भरणे होय. यास्तव मुलाची झोपण्याची एकच खोली निवडावी व यंत्र चालू असता तिची दारेखिडक्या लावाव्यात. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १० फूट असलेल्या खोलीतील हवा ताशी पाच वेळा गाळावयाची, तर यंत्राची क्षमता ताशी सुमारे १४० घनमीटर हवी. ओझोन सोडणारे यंत्र मात्र घेऊ नये. तो वायू स्वतःच श्वासनलिकेस दाहक आहे.

परंतु खरा साठा हवेत नसून गादी, उशी व गोधडी यांत असतो. मांजर घरातून गेल्यावरही तो ओसरण्यास कित्येक महिने लागतात. म्हणून उपायांचा क्रम लक्षात ठेवावा. प्रथम प्राण्यास त्या खोलीत मज्जाव करावा. दर आठवड्यास चादरी व अभ्रे कढत पाण्यात धुवावेत. कोरड्या केरसुणीने धूळ उडविण्याऐवजी जमीन ओल्या फडक्याने पुसावी. यंत्राचा क्रम त्यानंतरचा. पहिल्या तीन उपायांस पैसा जवळजवळ लागतच नाही. आणि ते टाळून आणलेले यंत्र फारसे उपयोगी पडत नाही.

घरघर वारंवार होत असल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. कारण कदाचित मांजर नसून अंथरुणातील धूळकिडेही असू शकतील. मांजरच कारण ठरले आणि इतके करूनही मुलास आराम पडला नाही, तर त्या प्राण्यासाठी दुसरे मायाळू घर शोधावे. मुलास वाईट वाटेल. परंतु त्याची निर्वेध झोप त्याहून मोलाची आहे.