आधी तोडा, मग जोडा

गावोगावच्या छपरांवर आता सोलरच्या प्लेटा दिसू लागल्या आहेत. आडावर नाहीतर बोअरवर एक लहानशी मोटार, माडीवर पाण्याची टाकी, खांबावरून आलेली लाईन आणि जोडीला हे ऊन. ऊन असेल तेव्हा उन्हावर पाणी चढवावे आणि आभाळ आले की लाईनवर, असे कोणालाही वाटणारच. विचार चांगला आहे. पण एका मोटारीला दोन ठिकाणची वीज द्यायची, तर एकीवरून दुसरीवर जाण्याची रीत माहीत हवी. ती चुकली तर मोटार जळते एवढेच नव्हे, माणूसही जातो.

प्रथम या दोन विजा कशा आहेत ते पाहू. प्लेटेतून निघणारी वीज नळाच्या पाण्यासारखी एकाच दिशेने वाहते. तिला डी.सी. म्हणतात. खांबावरची वीज झोक्यासारखी पुढेमागे होते, सेकंदात ५० वेळा. ती ए.सी., आणि घरात तिचा दाब २३० व्होल्ट. घरातली साधी मोटार ए.सी.वर चालते. म्हणून प्लेटेची वीज आधी इन्व्हर्टरमधून न्यावी लागते. तो डी.सी.ची ए.सी. करून देतो.

आता कोणी म्हणेल, दोन्हीकडे ए.सी.च आहे, मग दोन्ही तारा मोटारीलाच का बांधू नयेत? असे पहा, एकाच झोक्याला दोघे जण झोके देताहेत. एक पुढे ढकलतो, त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो. काय होईल? झोक्यावरचा पोरगा पडेल आणि दोघांचे हातही मुरगळतील. लाईन आणि इन्व्हर्टर यांचे झोके असेच एकमेकांशी जुळलेले नसतात. दोन्ही एकत्र आले की इन्व्हर्टर जळतो.

याहून मोठा धोका घराबाहेर आहे. समजा, लाईन गेली आहे. वायरमनने डीपीवरचा फ्यूज काढला आहे आणि तो तुमच्या घराजवळच्या खांबावर चढला आहे. त्याच्या हिशेबाने तार मेलेली आहे. इकडे तुम्ही इन्व्हर्टर सुरू केला आणि घराची तार लाईनपासून तोडलेली नाही. मग तुमच्या छपरावरची वीज उलटी खांबाकडे जाते आणि ती तार पुन्हा जिवंत होते. तुम्हाला घरात काही कळत नाही, पण वर चढलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. काही जण दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून इन्व्हर्टरची वीज भिंतीतल्या सॉकेटात सोडतात. ही गोष्ट कधीही करू नका.

यावर उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याच्या दांडीला तीन जागा असतात. एका बाजूला लाईन, दुसऱ्या बाजूला सोलर आणि मधे बंद. दांडी एका वेळी एकाच जागी असते, त्यामुळे दोन्ही विजा एकत्र येऊच शकत नाहीत. हा स्विच दोन तारा तोडणारा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा घ्यावा. अर्थिंगची तार मात्र यातून नेऊ नये, ती कायम जोडलेलीच राहिली पाहिजे.

शेतकरी बंधूंनो, पाण्याला दारे धरताना आपण आधी पुढचे दार फोडतो आणि मग मागचे बुजवतो, नाहीतर पाट फुटतो. विजेचे नेमके उलटे आहे. आधी तोडा, मग जोडा. क्रम असा ठेवावा :

१. मोटार स्टार्टरवरून बंद करा.
२. दांडी मधल्या जागी आणा.
३. मोटार पुरती थांबू द्या. अर्धा मिनिट पुरे.
४. दांडी दुसऱ्या बाजूला न्या.
५. मग मोटार सुरू करा.

तिसरी पायरी पुष्कळजण गाळतात. फिरती मोटार एकदम दुसऱ्या विजेवर टाकली तर तिला हिसका बसतो. शिवाय सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट खरे, पण मोटारीतला तोटा धरता ती हजाराच्या वरच वॉट घेते. म्हणून इन्व्हर्टर सुरुवातीचा हा ताण सोसणारा असावा. बेताचा घेतला तर मोटार नुसती गुरगुरते आणि तापते.

प्लेटांच्या डी.सी. तारा या स्विचमधून नेऊ नका. ए.सी. क्षणोक्षणी शून्यावर येते म्हणून तोडताना तिची ठिणगी विझते, डी.सी.ची ठिणगी पेटत राहते. तिच्यासाठी डी.सी.चाच स्विच लागतो. आणि उजेड आहे तोवर प्लेटेत वीज आहेच, हे ध्यानात ठेवा.

काही घरांच्या प्लेटा मुळातच लाईनशी जोडलेल्या असतात. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतल्या पुष्कळ यंत्रणा अशाच आहेत. तिथे लाईन गेली की लखलखीत उन्हातही इन्व्हर्टर थांबतो. तो बिघाड नव्हे, खांबावरच्या माणसासाठी केलेली ती सोय आहे. तिच्यात हात घालू नये. तसेच शेतातल्या सौर पंपाचा कंट्रोलर निराळा असतो. लाईन जोडण्याची सोय बनवणाऱ्यानेच दिली नसेल, तर त्याला लाईन लावू नये.

गुरुजींनी हे वर्गात जरूर दाखवावे. फळीवर दोन खिळे ठोका, त्यांच्या मधोमध खाली एका खिळ्यावर पत्र्याची अरुंद पट्टी फिरती ठेवा. बॅटरीचे दोन सेल घेऊन प्रत्येकाचे एक टोक एकेका वरच्या खिळ्याला जोडा. दुसरी टोके बल्बच्या एका बाजूला आणि पट्टी बल्बच्या दुसऱ्या बाजूला. पट्टी डावीकडे नेली तर एक सेल, उजवीकडे नेली तर दुसरा, आणि मधे अंधार. तो मधला अंधार कशासाठी, हे मुलांनाच विचारा. प्रयोग सेलवरच करायचा, घरच्या विजेवर नाही.

शेवटी एक सोपी युक्ती. हजार लिटर पाणी दहा मीटर वर चढवायला पंपाचा तोटा धरूनही युनिटचा साधारण दहावा हिस्सा लागतो. तेव्हा दुपारच्या कडक उन्हात टाकी भरून ठेवा. भरलेली टाकी हीच तुमची बॅटरी. मग दांडी फिरवायची वेळ क्वचितच येईल. जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि दांडीच्या वर खडूने लिहून ठेवा : आधी तोडा, मग जोडा.