फवारणी संपली, आता ड्रोनच्या बॅटऱ्या सांभाळा



ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन सरीत शिरायचे म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको. पानाने अंग कापते आणि औषध नाकातोंडात जाते. त्यामुळे ड्रोन आला तेव्हा सर्वांनाच हायसे वाटले. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. देशातील १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यावयाचे आणि किमतीच्या ८० टक्के, पण ८ लाखांच्या आत अर्थसाह्य करावयाचे, अशी ती योजना. त्या संचात नेहमीच्या बॅटऱ्यांखेरीज जादा ४ जोड आहेत. कारण उघड आहे. टाकी भरून उडालेला ड्रोन काही मिनिटांतच बॅटरी मागतो.

आता प्रश्न असा, की पावसाळी फवारण्या आटोपल्या, गाळप सुरू झाले, की या बॅटऱ्या महिनोन् महिने पडून राहतात. त्या कशा ठेवायच्या?

येथे ट्रॅक्टरची सवय आड येते. ट्रॅक्टरची बॅटरी शिशाची. ती उतरलेली ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचा थर बसून निकामी होते, म्हणून ती भरून ठेवावी, हे बरोबरच आहे. परंतु ड्रोनची बॅटरी लिथियमची, हिची रीत वेगळी. ही गच्च भरून ठेवली तर आतले रसायन हळूहळू बिघडते, गॅस धरतो आणि बॅटरी पुरीसारखी टम्म फुगते. उष्मा असेल तर हे लवकर होते. आणि पार उतरवून ठेवली तर तीही मरते. म्हणजे निम्म्याच्या आसपास भरलेली बरी.

आकड्यांत सांगायचे तर लिथियम पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. ३ व्होल्टच्या खाली गेला तर कायमचा बिघडतो. साठवणीसाठी ३.८ ते ३.८५ ठेवावे. सहा सेलच्या बॅटरीला हे २२.८ ते २३.१ होतात, बारा सेलच्या बॅटरीला ४५.६ ते ४६.२. बहुतेक चार्जरवर 'स्टोरेज' अशी सोय असते, ती लावली की काम होते. काही बॅटऱ्यांचे सेल निराळे असतात, तेव्हा सोबतची पुस्तिका आधी बघावी.

बॅटरी ड्रोनमधून काढूनच ठेवावी. कुठे? पत्र्याच्या शेडमध्ये नको, माळ्यावर नको. वैशाखात तिथे हात लावता येत नाही. युरियाच्या गोणी, औषधे, डिझेल, पाचट यांच्या शेजारी तर मुळीच नको. स्लॅबच्या घरातली थंड, कोरडी, हवेशीर जागा बघावी. पत्र्याच्या पेटीत तळाला वाळू घालून ठेवल्यास उत्तम, पण झाकण हवाबंद नसावे. फ्रीजमध्ये ठेवू नये, दमटपणा धरतो. महिन्यातून एकदा मीटर लावून प्रत्येक सेलचा आकडा वहीत लिहावा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा मागे पडत चालला तर ती बॅटरी उडवू नका.

भरताना माणूस जवळ पाहिजे. रात्री लावून झोपायचे, हे मोबाईलला चालते, इथे नाही. उडून आलेली गरम बॅटरी निवल्याशिवाय चार्जरला लावू नये. निफाडकडे थंडीत पारा चार-पाच अंशांवर येतो, तशा पहाटे भरू नये. ऊन वर येऊ द्या.

फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, 'एकदा भरून बघू' म्हणू नका. धूर दिसला तर माणसे लांब न्या, तो धूर विषारी असतो. वाळूने आग पसरण्यास आळा बसतो, पण बॅटरी निववायला लांबून भरपूर पाणीच लागते. निकामी बॅटरी भंगारवाल्याला घालू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेण्याची व्यवस्था उत्पादकाने करावयाची आहे, तेव्हा विक्रेत्याकडेच द्यावी.

जाता जाता गटातील भगिनींना एक. एकरी दर ठरवताना बॅटरीची झीज धरता का? आमच्या पाहण्यात मजुरी आणि पेट्रोल धरतात, बॅटरी कोणी धरत नाही. ती काही शे वेळाच भरता येते. नव्या जोडाची किंमत विचारा, तेवढ्या वेळांनी भागा आणि येणारा आकडा दरात मिळवा. अडचण वाटल्यास वही घेऊन गट ऑफिसला यावे, आम्ही बसून हिशेब करून देऊ.