आधी दात मोजा, मग पंखा

रिमोटवर चालणारी आरसी गाडी मैदानातून परत आली की पहिला हात मोटारीवर जातो. बोट दोन-तीन सेकंद टेकवता आलं तर ठीक. चटका बसून झटक्यात मागे आलं, तर पुढची बॅटरी जोडायची नाही. धातू साधारण ६० अंशांच्या पुढे गेला की त्यावर बोट टिकत नाही, त्यामुळे हा नियम अडाणी असला तरी वाईट नाही. बोट मागे आलं की शेजारचा एखादा कॉलेजचा मुलगा विचारतोच, “काका, पंखा कोणता घेऊ?”

मी उलट दोन प्रश्न विचारतो. मोटर ब्रशवाली आहे की ब्रशलेस? आणि पिनियन, म्हणजे मोटारीच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, किती दातांचं आहे? मुलं जरा नाराज होतात, कारण त्यांना लाल-निळ्या अॅल्युमिनियमचा, वर दोन पंखे बसवलेला झगमगीत हीटसिंक आधीच आवडलेला असतो.

पहिला प्रश्न उष्णता नेमकी कुठे तयार होते याचा आहे. १/१० मापाच्या गाडीत बहुधा ५४० आकाराची मोटर असते. तिचा व्यास ३६ मिलिमीटर. तामियाने १९७६ साली पोर्शे ९३४ ची विजेवर चालणारी गाडी आणली, तेव्हापासून हा आकार या छंदाला चिकटला आहे. ब्रशवाल्या चंदेरी मोटारीत तांब्याची गुंडाळी आतल्या फिरत्या भागावर असते आणि चुंबकं बाहेरच्या कॅनला, म्हणजे मोटारीच्या धातूच्या डब्याला, चिकटलेली असतात. तापते गुंडाळी, पण ती कॅनला कुठेच टेकलेली नाही. मध्ये हवेची फट आहे. म्हणजे बाहेर कितीही महागडा हीटसिंक चढवला तरी आतल्या आगीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. अशा मोटारीला हवा द्यायची ती कॅनच्या आणि मागच्या झाकणाच्या भोकांतून आत जाईल अशी. ब्रश आणि कम्युटेटर तिथेच घासत असतात.

ब्रशलेस मोटारीत मामला नेमका उलटा. गुंडाळी बाहेर, कॅनला आतून घट्ट भिडलेली. चुंबक मधल्या दांड्यावर फिरतं. इथे हीटसिंक खरंच काम करतो. पण इथे भीती चुंबकाची. साध्या प्रतीच्या निओडायमियम चुंबकाची मर्यादा ८० अंश मानतात. चांगल्या मोटारींत जास्त सोसणारी प्रत असते, पण ती कॅनवर छापलेली नसते. चुंबक एकदा अति तापून अशक्त झालं की मोटर थंड झाल्यावरही त्याची ताकद परत येत नाही. म्हणून कॅन ८० अंशांच्या आत ठेवायचा, शक्यतो ७० च्या. आत त्याहून जास्तच असणार हे गृहीत धरायचं.

हीटसिंक विकत घेताना पाती किती उंच आहेत ते सगळे बघतात, आतला व्यास फार थोडे बघतात. ३६ मिलिमीटरचा कॅन आणि त्यावर ढिला बसणारा, एकाच स्क्रूने आवळलेला चिमटा, म्हणजे मध्ये हवेचा थर. अॅल्युमिनियम हवेच्या हजारो पट उष्णता वाहून नेतं, पण केसाएवढ्या फटीने ते सगळं फुकट जातं. सिंकला आतून थर्मल पेस्ट लावून तो कॅनवर बसवून, आवळून, पुन्हा काढून बघावा: कॅनवर पेस्टचा ठसा अर्ध्याच भागावर उमटला असेल तर तो सिंक दागिना आहे. पेस्टचा थर पातळच हवा, वड्याच्या पिठासारखा नको. तांब्याचे सिंकही मिळतात. उष्णता जवळपास दुपटीने वाहतात, पण वजन अॅल्युमिनियमच्या तिप्पट. गाडीच्या एका बाजूला एवढं वजन टांगणं मला पटत नाही. आणि ज्या गाडीत मोटर धातूच्या माउंटवर स्क्रूने बसते, तिथे तो माउंट आणि अॅल्युमिनियमची चासी हाच फुकटातला मोठा सिंक असतो. प्लॅस्टिकच्या माउंटऐवजी धातूचा माउंट बसवला की फरक दिसतो, आणि धुळीत बंद पडणारं त्यात काही नसतं.

आता पंखा. पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर ३० आणि ४० मिलिमीटरचे पंखे हवे तितके मिळतील. त्यातले पुष्कळसे थ्रीडी प्रिंटरसाठी आलेले, १२ किंवा २४ व्होल्टचे. गाडीत रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर मिळतात ६ व्होल्ट, मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या काही ईएससीवर ७.४. १२ चा पंखा ६ वर फिरतो, फिरताना दिसतोही, म्हणून माणूस फसतो. वेग निम्म्याच्या आसपास येतो, आणि दाब वेगाच्या वर्गाने उतरत असल्यामुळे तो चौथाई राहतो. दाट पात्यांमधून हवा ढकलायला दाबच लागतो. उलट ५ व्होल्टचा पंखा सरळ दोन सेलच्या भरलेल्या लायपो बॅटरीवर, म्हणजे ८.४ व्होल्टवर लावला तर तो झकास ओरडतो आणि लवकरच कायमचा गप्प होतो. व्होल्टेज आधी, आकार नंतर, रंग सगळ्यांत शेवटी. बेअरिंगही विचारून घ्यावं. बॉल बेअरिंगचा पंखा मैदानावरच्या धुळीत साध्या बुशवाल्यापेक्षा जास्त टिकतो. तरी पंखा ही झिजणारी वस्तू आहे हे मनाशी धरून एक जादा घेऊन ठेवावा.

पंखा पात्यांवर अगदी चिकटवून लावतात तेही चूक. पंख्याच्या मधल्या चकतीखाली हवा हलतच नाही, आणि मोटारीचा नेमका मधला भाग कोरडा राहतो. तीन-चार मिलिमीटर अंतर सोडलं की झोत पसरतो. आणि ही हवा जाणार कुठे? पॉलिकार्बोनेटची बॉडी बंद असेल तर पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा मोटारीवर मारत बसतो. मागच्या काचेचा तुकडा कापून काढायला मन होत नाही, मान्य आहे, रंगावर रात्री घालवलेल्या असतात. पण कापा.

मोजण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सगळ्यांत जास्त गफलत होते. करोनाच्या काळात घराघरात आलेली कपाळाची गन लोक मोटारीवर रोखतात. ती माणसाच्या तापासाठी आहे. ४३ च्या आसपास तिची हद्द संपते. वस्तूचं तापमान घेण्याचा वेगळा मोड असेल तरच उपयोग. कामाची गन घेतली तरी चकचकीत अॅल्युमिनियमवर ती खोटं बोलते, फार कमी आकडा दाखवते, कारण घासलेला धातू अवरक्त किरण फारच थोडे सोडतो. कॅनवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. शिवाय गाडी थांबल्याबरोबर एकदा आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. दुसरा आकडा बहुतेक वेळा मोठा येतो: वारा थांबलेला असतो आणि आतली उष्णता सावकाश कॅनपर्यंत येत असते. म्हणूनच स्विच लगेच बंद करू नये, पंखा चालू राहू द्यावा.

नागपूरचा एक मित्र मे महिन्यात फोनवर कुरकुरतो की पुण्याच्या मुलांनी सांगितलेला सेटअप त्याच्याकडे चालत नाही. चालणार कसा? पंखा मोटारीला भोवतालच्या हवेहून थंड करू शकत नाही, आणि उष्णता बाहेर पडण्याचा वेग दोन तापमानांतल्या फरकावर ठरतो. पुण्यातल्या २५ अंशांच्या सकाळी ८० पर्यंत ५५ अंशांची मोकळीक असते; विदर्भातल्या ४५ अंशांत उरतात ३५. तोच पंखा, तोच सिंक, तीच मोटर, आणि आकडा २० ने वर. त्याला मी पंख्याचा मोठा नंबर सांगत नाही, पिनियनचा लहान सांगतो.

कारण दुसरा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे. पिनियनचे दात वाढवले की गाडी वरच्या वेगाला जास्त पळते, पण प्रत्येक उचलीला मोटर जास्त करंट ओढते, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. त्यात तांबं तापलं की त्याचा रोधही वाढतो. २५ वरून १०० अंशांवर गेलं की जवळपास ३० टक्क्यांनी. म्हणजे तापलेली मोटर स्वतःलाच आणखी तापवते. हिरवळीवर, वाळूत, मोठ्या चाकांवर हा भार आणखी चढतो. एक-दोन दात कमी केले की पुष्कळदा मोटारीचं तापमान असं उतरतं, की पंख्याचा विषयच निघत नाही. अगदी लहान पिनियनवर मोटर नुसतीच भिरभिरून तापते हेही खरं, पण माझ्यापुढे आलेल्या गाड्यांत तो आजार क्वचितच निघाला. टायमिंग वाढवून ठेवलेलं असेल तर तेही आधी शून्यावर आणून बघावं.

तेव्हा पैसे खर्चायचे तर या क्रमाने: एक-दोन दात कमी असलेलं पिनियन, काळी टेप आणि बरी गन, मग ब्रशलेस असेल तर नेमक्या ३६ मिलिमीटरचा सिंक, आणि तरीही आकडा ७० च्या वर राहिला तर रिसीव्हरच्या व्होल्टेजला जुळणारा पंखा. ब्रशवाली चंदेरी मोटर असेल तर सिंकचे पैसे वाचवा. त्यात नवी मोटर येते.